मदत हवी आहे: मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे शॉर्टकट भरपूर, तरी ओळी वाढत नाहीत

प्रश्न

डॉक्टरांचं डिक्टेशन ऐकून रिपोर्ट टाइप करायचं काम आहे. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये (लघुरूप टाइप केलं की पूर्ण मजकूर उमटवणारी सोय) भरपूर शॉर्टकट भरले आहेत, तरी ६५ कॅरेक्टर्सची एक ओळ या हिशोबाने ओळी म्हणाव्या तशा निघत नाहीत. निम्मे शॉर्टकट ऐन वेळी आठवत नाहीत. 'ओआर' (or, म्हणजे 'किंवा') हा साधा इंग्रजी शब्द टाइप केला की 'ऑपरेटिंग रूम' उमटतं. काही फाइल्समध्ये तर एकही शॉर्टकट उघडत नाही. ऑटोहॉटकीवर (वर्डबाहेरही शॉर्टकट चालवणारं सॉफ्टवेअर) जावं का? बरंचसं काम रिमोट डेस्कटॉपवर (दूरचा कॉम्प्युटर नेटवरून आपल्या स्क्रीनवर) असतं.

प्रतिसाद १

फाइल्सचं आधी सांगतो, ते लगेच सुटेल. ऑटोकरेक्टची यादी भाषेगणिक वेगळी साठवली जाते. शॉर्टकट अमेरिकन इंग्रजीत भरलेत आणि क्लायंटचं टेम्प्लेट ब्रिटिश इंग्रजीत असलं, तर ते उघडणारच नाहीत. सगळा मजकूर सिलेक्ट करून रिव्ह्यूमधून प्रूफिंग लँग्वेज (स्पेलिंग तपासण्याची भाषा) बदला. शॉर्टकटमधून उमटणाऱ्या साध्या (फॉरमॅटिंग नसलेल्या) मजकुराला २५५ कॅरेक्टर्सची मर्यादा आहे, हेही ध्यानात ठेवा.

आता आठवण्याचं. यादी पाठ करत बसू नका, नियम पक्का करा. शब्दसमूह असेल तर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर: शॉर्टनेस ऑफ ब्रेथ म्हणजे एसओबी. लांबलचक एकच शब्द असेल तर सुरुवातीची दोन अक्षरं आणि शेपटाला ठरलेलं एक. 'एक्टमी'ला एक्स आणि 'आयटिस'ला झेड दिलं, की अपेंडेक्टमी एपीएक्स, अपेंडिसायटिस एपीझेड. 'आयटिस'ला टी द्यायचा मोह होतो, पण ए-पी-टी हा इंग्रजीतला चालू शब्द आहे, म्हणजे पुन्हा ओआरचंच दुखणं. ओआरसाठी शेवटचं अक्षर दोनदा घ्या: ओआरआर.

पीटीला मात्र ही युक्ती लावू नका, कारण पीटीटी ही वेगळी रक्ततपासणी आहे! पीटी पेशंटला ठेवा, फिजिकल थेरपीला पीएचटी, प्रोथ्रॉम्बिन टाइमला (रक्त गोठण्याची तपासणी) पीआरटी.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. भर एवढीच, की हायपर आणि हायपोच्या शॉर्टकटमध्ये किमान दोन अक्षरांचा फरक असू द्या. एका अक्षराच्या चुकीने हायपोटेन्शनचं (कमी रक्तदाब) हायपरटेन्शन (उच्च रक्तदाब) होतं, आणि स्पेलिंग बरोबर असल्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. औषधाचे डोस शॉर्टकटमध्ये बांधू नका.

'नॉर्मल एक्झाम'चा अख्खा परिच्छेद एका शॉर्टकटमध्ये ठेवण्याबद्दल माझं मत कडक आहे. डॉक्टरांनी पोट तपासल्याचं सांगितलंच नाही, तरी 'अॅब्डोमेन सॉफ्ट' (पोट मऊ) रिपोर्टमध्ये जातं. हृदय, फुफ्फुसं, पोट असे वेगळे तुकडे करा आणि कानावर आलं तेवढंच उघडा.

धागाकर्ता

आभार, भाषेचाच घोळ होता. जुनी यादी ऑटोहॉटकीत न्यायची कशी?

प्रतिसाद १

वर्डमध्ये छोटा मॅक्रो (वर्डच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहून ऑटोकरेक्टच्या सगळ्या नोंदी नाव, टॅब, मजकूर अशा ओळींत छापून घ्या. त्या एक्सेलमध्ये टाका, नावाच्या आधी दोन आणि नंतर दोन कोलन जोडा, पुढे मजकूर. तयार झालेला कॉलम स्क्रिप्ट फाइलमध्ये चिकटवा.

एक सापळा आहे. ऑटोहॉटकीत अधिकचं चिन्ह म्हणजे शिफ्ट की. '२+ पल्सेस' (नाडीच्या जोराची श्रेणी) असा मजकूर दिलात तर अधिक गायब होऊन '२ पल्सेस' उमटेल आणि अर्थच बदलेल. म्हणून फाइलच्या सुरुवातीला हॉटस्ट्रिंग डिरेक्टिव्हमध्ये (#Hotstring ने सुरू होणारी सूचनेची ओळ) टी हा पर्याय द्या. मग मजकूर जसाच्या तसा जातो.

प्रतिसाद २

रिमोटवर अक्षरं गळाली तर शॉर्टकट बदलू नका, वेग कमी करा. ऑटोहॉटकी मुळात सेंडइनपुट पद्धतीने भराभर अक्षरं ढकलतं. त्याच डिरेक्टिव्हमध्ये एसई आणि के१० घाला, म्हणजे सेंडइव्हेंट पद्धतीने दर कीमागे १० मिलिसेकंद थांबेल. तरीही गळती राहिली तर के२०. परवानगी असेल तर स्क्रिप्ट थेट रिमोट मशीनवरच चालवा, पण मग आपल्या मशीनवरची बंद ठेवा, नाहीतर दोन्ही एकाच शॉर्टकटवर झडप घालतील.