जुनी एस-क्लास संस्थेला देण्याआधी

दादा, वडिलांची जुनी मर्सिडीज एस-क्लास गाडी अनाथाश्रमाला द्यायचा विचार चांगलाच, पण जरा संस्थेच्या बाजूनं बघा. एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या, गेलं की गाडी एका अंगाला बसते आणि खर्चाचा आकडा ऐकून ट्रस्टी गार! आपल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काय वाट्टेल ते करून मिळतं, पण ती हवेची रबरी पिशवी नाही. त्यापेक्षा गाडी विका, पैसे चेकनं द्या. देणगीवरची आयकरातली वजावट (८०जी) वस्तूच्या दानाला नाहीच. पैशाला आहे, तीही जुन्या करप्रणालीत, आणि रोख २००० रुपयांपर्यंतच. विकताना मात्र मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर सह्या ठोकून निवांत बसू नका. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर भरपाईची नोटीस तुमच्याच दारात येणार.