जुन्या सागवानाचं १ बाय १२ (एक १२ इंची स्पीकरचं) गिटार कॅबिनेट होईल का?

तारछेडू:
गावच्या घराचा माळा काढला त्यात सागवानी फळ्या निघाल्यात, पाऊण इंच जाड, वाळवी नाही, फेकवत नाहीत. माझ्याकडे १५ वॅटचं ट्यूब हेड (स्पीकर नसलेला अँप) आहे, मागे ८ आणि १६ ओहम असे दोन आउटपुट. सुतारकाका म्हणतात बॉक्स झकास करून देतो पण आतलं गणित ना त्यांना माहीत ना मला. हायफायवाल्यांच्या व्हिडिओत लिटर, पोर्ट, क्रॉसओव्हर असलं बरंच काही सांगतात, ते सगळं इथे लागतं का? आणि सागवान चालेल की सरळ मरीन प्लाय आणू? पाठ उघडी ठेवू की बंद?

जुना_व्हॉल्व्ह:
लिटरचं गणित सोडा. गिटारच्या स्पीकरचा आवाज साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपकन खाली येतो आणि तेच हवं असतं, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) लावलात तर डिस्टॉर्शन नुसतं करकरेल. खाली म्हणाल तर जाड ई तार ८२ हर्ट्झची, त्यामुळे पोर्टच्या, म्हणजे बेस वाढवायच्या भोकाच्या, भानगडीत पडायची गरज नाही. बाहेरून २० इंच रुंद, १८ उंच, साडेदहा खोल, एवढं पुरतं.

पाठीचं मात्र नीट ठरवा, लाकडापेक्षा तिथे जास्त फरक पडतो. उघडी ठेवली तर आवाज खोलीभर पसरतो पण मागची लाट पुढच्या लाटेला खाते म्हणून बेस हलका होतो, बंद केली तर घट्ट, पण समोर उभ्या असलेल्याच्या थेट कानात. मी म्हणेन पाठ तीन पट्ट्यांत करा आणि मधली स्क्रूने निघेल अशी ठेवा, मग दोन्ही ऐकून ठरवा.

रंधा_आणि_राऊटर:
फेंडरच्या ५०च्या दशकातल्या ट्वीड अँपच्या पेट्या पाईनच्या, मार्शलचे नावाजलेले ४ बाय १२ बर्च प्लायचे, दोन्ही वाजतातच की. सागवान जड पडेल, उचलायला दोन हात लागतील, पण चालेल. अट एकच, भरीव लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, म्हणून चारही फळ्यांचे रेषे बॉक्सभोवती एकाच दिशेने फिरले पाहिजेत, म्हणजे सगळं मिळून बॉक्सच्या पुढे-मागे या दिशेने हलेल आणि जॉइंट उकलणार नाहीत. कोपऱ्यात फिंगर जॉइंट. सागवानाला अंगचं तेल असतं, त्यामुळे ताजा रंधा मारून अॅसिटोनने पुसून लगेच फेविकॉल लावा, उशीर केला तर पकड बसत नाही.

स्पीकर बसतो ती पुढची फळी, म्हणजे बॅफल, सागवानाची अजिबात करू नका. ती १८ मिमी प्लायचीच आणि प्लाय घेताना कड बघा, थरांत पोकळी दिसली तर तो तुकडा नको, तिथेच पुढे भुणभुण सुरू होते. स्पीकरला लाकडाचे स्क्रू नकोत, टी-नट (मागून ठोकायचे आट्यांचे नट) ठोका.

सोल्डरगंध:
वायरिंगकडे कोणी वळलंच नाही म्हणून लिहितो. ८ ओहमचा स्पीकर ८ च्या आउटपुटलाच, १६ चा १६ ला. आणि ट्यूब हेड स्पीकर न जोडता कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. हेड ते कॅब गिटारची शिल्डेड केबल वापरू नका, जाड दोन तारांची स्पीकर केबलच घ्या. सेलेशन कंपनीचा स्पीकर घेणार असाल तर ग्रीनबॅक २५ वॅटचा आहे, १५ वॅटचं हेड पूर्ण व्हॉल्यूमवर नेलं की १५ च्या वर जातं म्हणून तो जेमतेम, व्हिंटेज ३० साठ वॅटचा आहे आणि २ डेसिबल जास्त मोठाही वाजतो.

तारछेडू:
खूप आभार सगळ्यांचे! बॉक्स सागवानाचा, बॅफल प्लायचं, पाठ तीन पट्ट्यांची, हे नक्की केलं. काका उद्याच यायचं म्हणतायत, बॅफलचं भोक किती इंचाचं सांगू?

रंधा_आणि_राऊटर:
१२ इंची सेलेशनला २८३ मिमी, म्हणजे ११ इंच आणि वर जेमतेम एक सूत. पण सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं, त्यामुळे काकांना उद्या फक्त बॉक्स करू द्या, स्पीकर हातात आला की मगच बॅफलला जिगसॉ लावा.