वेदना न जाणवणारा सर्जन: कादंबरीत कितपत पटेल?

महालकर:
ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली आहे. नागपूर, १८६९. नायक सर्जन आहे, जन्मापासून त्याला वेदना जाणवत नाहीत. असा माणूस चाकू चालवू शकेल का? तपशिलात कुठे घोळ होईल?

नाडीपरीक्षा:
शकेल, पण आधी प्रकार ठरवा. एका प्रकारात घामच येत नाही, ताप चढतो आणि बहुधा बौद्धिक वाढही खुंटते. असं मूल नागपूरच्या मे महिन्यात तगणं कठीण. नायकासाठी एससीएन९ए जनुकातला दोष घ्या (तो २००६ साली उलगडला, त्यामुळे पात्रांच्या तोंडी नाव नको). त्यात स्पर्श आणि दाब शाबूत असतात. नाडी लागेल, धमनी बांधताना दोऱ्याचा ताण कळेल. दोष आईवडील दोघांकडून यावा लागतो आणि दोघंही ठणठणीत असतात. नात्यातल्या दोघांकडे तोच दोष असू शकतो, म्हणून वडिलांचं लग्न मामाच्या मुलीशी झालेलं दाखवलंत की पटेल. अंगावर खुणा हव्यातच: चावून तुटलेलं जिभेचं टोक, भाजलेली बोटं, वाकडं जुळलेलं हाड.

बर्डीवाला:
सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. या प्रकारात वासही येत नाही! त्या काळी जखम सडतेय हे आधी नाकाला कळायचं. म्हणजे नायकाला विश्वासू ड्रेसर (मलमपट्टी करणारा) हवाच, जो पट्टी सोडताच वास सांगेल. कादंबरीतलं खरं नातं तिथे आहे, ते दोन ओळींत उरकू नका.

जुनी_शस्त्रं:
बेशुद्धीसाठी क्लोरोफॉर्मच दाखवा, तो १८४७ पासून वापरात आहे. ईथर ३५ अंशांखालीच उकळतो. आपल्या उन्हाळ्यात बाटली उघडली की उडालाच, शिवाय दिव्याजवळ भडकतो.
खरा धोका नायकाच्या बोटांना. रबरी हातमोजे १८९०च्या आसपास आले. व्हिएन्नात १८४७ साली कोलेच्का हे प्राध्यापक शवविच्छेदनात बोटाला चाकू लागून जंतुदोषाने गेले. तुमच्या नायकाला असा ओरखडा लागल्याचंही कळणार नाही. म्हणून प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर हात धुऊन, उजेडात एकेक बोट दाबून रक्त येतं का ते त्याने पाहावं. कार्बोलिक हे जंतुनाशक आम्ल दाखवता येईल: ते जखमांवर वापरणारे ब्रिटिश सर्जन लिस्टर यांचे लेख १८६७चे, रेल्वेही त्याच वर्षी नागपुरात आली. पण तीव्र कार्बोलिकने कातडी पांढरी पडून भाजते. इतर सर्जन चरचरलं की हात काढतील, हा ठेवूनच देईल.

महालकर:
लोक महारोग समजतील का?

नाडीपरीक्षा:
नक्की. फरक असा: महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्शही जातो आणि कोपरामागचा मज्जातंतू जाड लागतो. डोळे मिटवून कापसाचा बोळा फिरवला तर तुमचा नायक जागा अचूक सांगेल. १८६९च्या डॉक्टरलाही एवढी तपासणी जमेल.