एका पानात राज्य चालतं म्हणे!

उलटाफासा:
काल इथे टेबलटॉप आरपीजीसाठी, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळासाठी, 'जहागिरीचे एकपानी नियम' आले आणि त्याखाली 'वा, काय सुटसुटीत' अशी रांग लागली. राहवलं नाही म्हणून लिहितोय. ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी: जहागिरीचे तीन आकडे, खजिना, निष्ठा आणि धाक, प्रत्येक 0 ते 5. टर्न एका ऋतूचा, म्हणजे तीन महिन्यांचा. दर खेळाडूला एक कृती. सहा बाजूंचे दोन फासे टाकून संबंधित आकडा मिळवायचा. 10 किंवा वर गेलं तर काम फत्ते, 7 ते 9 ला काम होतं पण काहीतरी गमवावं लागतं, 6 किंवा खाली संकट. संकट आलं की एक आकडा उतरतो.

हे कोणी कागदावर मांडून पाहिलंय का? आकडा 5 झाला की दोन एक्के पडले तरी बेरीज 7. संकट संपलंच! 36 पैकी 30 वेळा काम फत्ते. उलट आकडा 0 असेल तर 36 पैकी 15 वेळा संकट आणि फत्ते फक्त 6 वेळा. वर आणखी एक कलम: खजिना 0 असताना ऋतू संपला की निष्ठा एकने उतरते. वसुलीचा फासा निष्ठेवरच. म्हणजे खजिना रिकामा म्हणून निष्ठा गेली, निष्ठा गेली म्हणून वसुली नाही, वसुली नाही म्हणून खजिना रिकामा. जहागीर एकतर वर्ष-दीड वर्षात बुडणार, नाहीतर अमर होणार. याला सुटसुटीत नाही, अर्धवट म्हणतात.

एकपानी:
नियम माझे आहेत, तेव्हा उत्तर देतो. चार खेळाडूंच्या चार कृती, वर एक घटना, असे पाच वेळा फासे. वीस मिनिटांत ऋतू उरकला पाहिजे. लोक गुहेत शिरायला बसलेत, खर्डेघाशी करायला नाही. राहता राहिला 5 चा प्रश्न, तर तिथपर्यंत पोचू द्यायचं की नाही हे जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातात.

उलटाफासा:
'जीएमच्या हातात' म्हणजे नियमाला पडलेलं भोक जीएमने अंगठ्याने दाबून धरायचं. समजलं.

हिशेबनीस:
मुळात तीन आकडेच चुकलेत. कुटुंबं मोजा. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या आरपीजीच्या 1984 च्या कंपॅनियन नियमसंचात कुटुंबामागे महिना 1 सुवर्णमुद्रा कर होता, तेवढं पुरतं. सहा मैली हेक्स, म्हणजे नकाशावरचं सहा मैल रुंद षटकोनी घर, 250 कुटुंबं, ऋतूला 750. शिपाई 50, महिना 3 प्रमाणे 450 गेले. तटाची डागडुजी 200. हातात राहिले 100, आणि पलीकडच्या टेकडीवर लुटारू. आता कर वाढवायचा की शिपाई कमी करायचे? 'धाक 3' हा आकडा बघून हा प्रश्न कोणाला पडेल?

रिकामी_थैली:
फारच छान. मग पात्रं ड्रॅगन मारून 20,000 मुद्रा घेऊन येतात. तुमच्या 750 च्या हिशेबाने साडेसहा वर्षांहून जास्त वसुली एका सेशनात. वही त्याच संध्याकाळी चुलीत. डी अँड डीच्याच राज्य चालवायच्या बर्थराइटने 1995 मध्ये 2000 मुद्रांचा एक गोल्ड बार धरला तो उगाच नाही. 2000 मुद्रा म्हणजे खजिन्याचा 1 धरा, आणि लुटीतून एका ऋतूत फक्त 1 चढू द्या. ड्रॅगननंतर तुटवडा पैशाचा नसतोच. गवंडी, दगड आणि गाड्या कमी पडतात.

षटकोनी:
इतके छोटे हेक्स हवेत कशाला? 12 मैली घ्या. कुटुंबं दुप्पट, 500, आणि नकाशाही आटोपशीर.

हिशेबनीस:
दुप्पट?? क्षेत्रफळ आहे ते! 6 मैलीचं साधारण 31 चौरस मैल, 12 मैलीचं 125. चौपट. चौरस मैलाला 40 माणसं आणि घरात 5 धरली तर 1000 कुटुंबं होतात. आधी भूमिती, मग सल्ले.

षटकोनी:
बरं, चौपट. घाईत लिहिलं, फाशी द्या. पाथफाइंडर या आरपीजीचं राज्य उभारायचं किंगमेकर 2010 पासून 12 मैलीवर महिन्याचा टर्न चालवतंय. कोणाचं काय अडलं?

हिशेबनीस:
अडतं ते बाजाराशी. 6 मैलीच्या मध्यापासून कोपरा साडेतीन मैलांच्या आत. सव्वा तास चालणं. कुठलाही शेतकरी बाजार करून दुपारी घरी. म्हणून एक हेक्स, एक बाजार, एक ठाणेदार असं आपोआप जुळतं.

षटकोनी:
12 मैलीचा कोपराही सात मैलांच्या आत आहे. अडीच तास जायला, अडीच यायला. दिवेलागणीला घरी.

हिशेबनीस:
रिकाम्या हाताने! धान्याची गाडी तासाला दोन मैल जाते. साडेतीन तास जायला, तेवढेच यायला, सात तास रस्त्यातच. हिवाळ्याच्या आखूड दिवसात माल विकणार कधी?

एकपानी:
गाड्या आवरा. धागा नियमांचा आहे.

शब्दवेडा:
नियमांचंच बोलतो. जहागीर वरचा देतो आणि वरचा काढूनही घेतो. पात्रांनी जंगल तोडून स्वतः गढी बांधली तर ती जहागीर कशी? आणि खरंच जहागीर असेल तर खंडणी आणि युद्धाचं बोलावणं कुठे आहे तुमच्या पानावर?

एकपानी:
शब्दावरून मार खाईन असं वाटलं नव्हतं. खंडणी राहिलीच, खरंय. दर चौथ्या ऋतूला खजिना 1 द्या, नाहीतर वरच्याचा माणूस दारात.

उलटाफासा:
ही पहिली कामाची ओळ. आता उरलेलंही दुरुस्त करा. कमाल आकडा 3. तिथेही 36 पैकी 3 वेळा संकट येतं आणि फत्ते 21 वेळा, पोट भरायला पुरेसं. खजिना 0 झाला की निष्ठा आपोआप उतरवू नका, खेळाडूंना निवडू द्या: शिपाई निघून जातील, तट ढासळेल, की सावकाराचा उपकार डोक्यावर घेणार. आणि संकट आलं की लगेच आकडा खोडायचा नाही. ठिकाण आणि मुदत लिहायची. 'पुलावर टोळी बसली आहे, दोन ऋतूंत हटवली नाही तर खजिना एकने उतरेल.' त्यातूनच पुढचं सेशन निघतं. नुसता आकडा खोडला तर खेळाडू खांदे उडवतात आणि पुढचा फासा उचलतात.

हिशेबनीस:
म्हणजे शेवटी सगळं टोळ्यांवरच. पण मुदत चांगली आहे, ती माझ्या वहीत घेतो. वही राहणारच.

एकपानी:
कमाल 3 घेतलं, मुदतही घेतली. पान अजून एकच आहे, याची नोंद व्हावी.

षटकोनी:
धान्य हिवाळ्यात विकतंय कोण? सुगीला विकतात. सुगीत दिवस मोठा असतो.

हिशेबनीस:
सुगी झाल्यावर आधी मळणी असते, साहेब.