घटस्फोटाची डिक्री (कोर्टाचा अंतिम हुकूम) बघायला मागितली म्हणजे प्रेमावर विश्वास नाही?

निशिगंध: "मागचं सगळं विसरा आणि नव्या माणसावर डोळे झाकून विश्वास टाका, कागद मागणाऱ्यांनी प्रेमात पडूच नये" ही कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. माझ्या बहिणीचं पहिलं लग्न नवऱ्याने लपवलेल्या कर्जापायी मोडलं, बँकेची नोटीस दाराला चिकटवली तेव्हा घरात कळलं. आता कुठे तिला एकजण आवडलाय तर तो म्हणतो, माझा घटस्फोट झाल्यातच जमा आहे. म्हणजे काय? संमतीने अर्ज केला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली सहा महिने थांबावं लागतं, २०१७ पासून कोर्ट ते माफ करू शकतं पण आपोआप नाही होत. डिक्री होईपर्यंत तो कायद्याने दुसरीचा नवराच आहे. मग तिने कागद मागितला तर काय चुकलं?

सातारचा: मागा हो, पण पहिल्याच भेटीत? माझ्यासमोर एक बाई कॉफी यायच्या आत डिक्रीची सर्टिफाइड कॉपी, आयटी रिटर्न आणि पोटगी किती देता यावर आल्या. मुलीसाठी देतो, लपवायचं काहीच नाही, पण पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटलं. मीही पोळलोय, त्याचं काय?

माऊ: दादा, तुम्हाला निदान भेटायला तरी येतात. फॉर्मवर "एक मुलगा, सहावीत" लिहिलं की मला पुढचा फोनच येत नाही. स्वतःला दोन मुलं असलेल्या माणसालाही विनापत्यच हवी असते. आधी यावर बोला.

गिरगावकर: माझ्याबाबतीत तर तिने विचारलंही नाही. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर माझं नाव टाकून केस शोधली आणि स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर! मागितली असती तर अख्खी फाइल दिली असती. तिथेच संपलं माझ्यासाठी.

माऊ: ग्रुपवर टाकणं वाईटच. पण शोधणं? ती माहिती कोणालाही बघता येते. तोंडावर विचारून खोटं ऐकलेली बाई परत विचारत बसेल का?

गिरगावकर: मग ज्याने खोटं सांगितलं त्याच्याशी भांडा ना, त्याची शिक्षा मला का? उद्या फोनचा पासवर्ड मागाल, परवा लोकेशन.

निशिगंध: पासवर्डचं कोणी बोललेलंच नाही इथे! डिक्री आणि पासवर्ड एका मापाने मोजू नका. पहिलं लग्न लपवून दुसरं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये १० वर्षांपर्यंत कैद आहे, फोन न दाखवल्याबद्दल कोणी आत जात नाही.

सातारचा: बरं बाई, डिक्रीचं मान्य. पण माणूस जरा ओळखीचा होऊ द्या, मग मागा. आणि स्वतःचीही घेऊन या, आम्हाला पण बघायची असते.

निशिगंध: बहिणीची पर्समध्येच असते. त्याला तिने कालच सांगितलंय, दुसऱ्या मोशनची, म्हणजे दोघांनी संमती पुन्हा सांगायच्या सुनावणीची, तारीख कळव, मी कोर्टाबाहेर थांबते. अजून उत्तर आलेलं नाही.