‘क्लच’ खेळाडूला मराठीत काय म्हणावं?

कट्टेकरी: बास्केटबॉलमधल्या थोर गार्डांची (बास्केटपासून लांब राहून चेंडू खेळवणाऱ्यांची) तुलना करणारा लेख लिहितोय. जेरी वेस्ट, मायकल जॉर्डन, जॉन स्टॉकटन, कोबी ब्रायंट, स्टेफ करी. आकड्यांपाशी भाषा अडली नाही. सरासरी, टक्केवारी, रिबाउंड (चुकलेल्या फटक्याचा पकडलेला चेंडू), असिस्ट (बास्केट करून देणारा पास) हे सगळं वाचकाला कळतं. (‘गार्ड’ला ‘रक्षक’ करून पाहिलं. करी लगेच सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला दिसायला लागला. गार्डच ठेवला.) अडलो ते ‘क्लच’पाशी. सामना अटीतटीला आला की ज्याचा खेळ खुलतो, तो ‘क्लच’ खेळाडू. आपल्याकडे क्लच म्हटलं की माणसाचा डावा पाय हलतो. मराठी शब्द सुचवा.

पानपलट्या: ‘हुकमी’. हुकमी एक्का, हुकमी फटका. तयार शब्द आहे, शोधायचं काय त्यात?

कट्टेकरी: माझ्याही तोंडी आधी तोच आला होता. पण हुकमी म्हणजे हुकूम सोडला की हजर, न चुकणारं. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, 1998च्या अंतिम फेरीतला सहावा सामना घ्या (ही फेरी जास्तीत जास्त सात सामन्यांची). शिकागो 87, युटा 86. शिकागोच्या जॉर्डनने युटाच्या मलोनच्या हातातून चेंडू काढला आणि 5.2 सेकंद उरले असताना विजयी बास्केट केली. ‘क्लच’ शब्दाशेजारी फोटो छापायचा तर हाच. त्या रात्री त्याने 45 गुण केले, पण 35 फटक्यांतले 15 आत गेले. वीस चुकले! याला हुकमी कसं म्हणू?

माजघर: तुमचा घोळ असा आहे की इंग्रजी एकाच शब्दात वेळही सांगतं आणि माणसाचा स्वभावही. दोन्ही वेगळं करा. वेळेची व्याख्या एनबीएने केलेलीच आहे: चौथ्या क्वार्टरची किंवा जादा वेळेची शेवटची 5 मिनिटं, आणि फरक 5 गुणांचा किंवा त्याहून कमी. तेवढ्यापुरते आकडे वेगळे काढता येतात. त्या मिनिटांना ‘निकराची मिनिटं’ म्हणा. ‘निकराची लढाई’ आपण म्हणतोच. ‘मोक्याची’ नको, मोक्याची जागा म्हणजे रस्त्याला लागून असलेला प्लॉट.

पानपलट्या: मोक्यावर अन्याय होतोय, पण असू दे. आणि माणसाला? ‘निकराचा गार्ड’ म्हणजे कोणीतरी चिडलेला वाटतो.

माजघर: माणसासाठी नाम नाहीच आपल्याकडे, क्रियापदं आहेत. ऐन वेळी उभा राहिला. हात थरथरला नाही. कसोटीला उतरला. उलट बाजूचा वाक्प्रचार मात्र अगदी धारदार आहे: कच खाल्ली. गावच्या आखाड्यापासून ऑफिसच्या मीटिंगपर्यंत कुठेही चालतो. अवसानघातकी तर त्याहून कडक.

कट्टेकरी: ‘कच न खाणारा’ आवडलं. कारण त्यात फटका आत गेलाच पाहिजे असं नाही, मागे हटला नाही एवढंच आहे. वेस्ट डोळ्यासमोर आला. लोक त्याला ‘मिस्टर क्लच’ म्हणायचे आणि आज एनबीएचा निकराच्या खेळाबद्दलचा पुरस्कार त्याच्याच नावाने देतात, 2024चा करीला मिळाला. पण वेस्ट नऊ अंतिम फेऱ्या खेळला आणि आठ हरला. 1969च्या सातव्या सामन्यात 42 गुण, 13 रिबाउंड, 12 असिस्ट, आणि त्याचा संघ लेकर्स दोन गुणांनी हरला. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तरी तोच ठरला. हरलेल्या संघातल्या खेळाडूला तो मान त्यानंतर कधीच मिळालेला नाही. ‘विजयवीर’ छापाचा कुठलाही शब्द त्याला बसत नाही.

चौथी_खिडकी: मला हे ‘कच न खाणारा’ पटत नाही. नकारातून गुण सांगताय. शिवाय कच खाल्ली की नाही हे शेवटी आपण निकाल बघूनच ठरवतो. युटाचा स्टॉकटन घ्या. 1997 साली ह्यूस्टनविरुद्ध त्याने शेवटच्या क्षणी तीन गुणांचा फटका मारून युटाला पहिल्यांदा अंतिम फेरीत नेलं. 1998च्या त्याच सहाव्या सामन्यात 42 सेकंद उरले असताना त्याच्याच तीन गुणांनी युटा 86-83 पुढे होतं. मग जॉर्डनची करामत, आणि सगळ्यात शेवटचा फटका पुन्हा स्टॉकटनचा. चुकला. हात तोच, माणूस तोच. तो आत गेला असता तर आज तुम्ही जॉर्डनसाठी शब्द शोधत बसला असता का?

माजघर: म्हणून तर आकडे लागतात ना. एका फटक्यावर नाही, दहा-पंधरा वर्षांच्या निकराच्या मिनिटांवर बोला.

चौथी_खिडकी: वेस्टच्या जवळजवळ सगळ्या कारकिर्दीत चोरलेले चेंडू मोजतही नव्हते, ती नोंद 1973-74पासून, त्याच्या शेवटच्या हंगामात, सुरू झाली. शेवटच्या पाच मिनिटांचा हिशेब कुठून आणणार?

पानपलट्या: आणि कोबीचं काय? 2010च्या अंतिम फेरीचा सातवा सामना, 24पैकी 6 फटके आत. कच खाल्ली म्हणायची?

कट्टेकरी: त्याच रात्री 15 रिबाउंड घेतले त्याने, गार्ड असून! फटके लागत नव्हते तर बोर्डाखाली घुसला. त्याचे लेकर्स 83-79 जिंकले. याला ‘तगला’ म्हणेन.

माजघर: घ्या, मिळाला की शब्द! ‘तगणारा’. यात नकार नाही आणि हुकूमही नाही.

पानपलट्या: तगणारा म्हणजे कुंडीतली तुळस वाटते हो.

कट्टेकरी: हसलो, पण पटलं. लेखात वेळेला ‘निकराची मिनिटं’ पक्कं. खेळाडूला पहिल्यांदा ‘ऐन वेळी कच न खाणारा’ असं सविस्तर लिहितो आणि पुढे सरळ ‘क्लच’. जॉर्डनचे वीस चुकलेले फटके मात्र पहिल्याच परिच्छेदात घालतोय.