ठरलेला वार: प्रौढ दिव्यांगांच्या मैत्रीचे अनुभव

धागा मी काढतेय, तर आधी माझंच सांगते.

माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. अठरा वर्षांचा होईपर्यंत तो विशेष शाळेत जायचा. वर्गात नऊ जण होते. शाळेच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले, आणि पुढची सहा वर्षं त्यातल्या एकालाही तो भेटला नाही. कुणी मुद्दाम अडवलं असं नाही. त्याला एकट्याला जाता येत नव्हतं, आणि नेणार कोण, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही. घरातल्या कॅलेंडरवर त्याच्या तपासण्या होत्या, दातांचे डॉक्टर होते, स्पीच थेरपी होती. मित्राला भेटायची तारीख एकही नव्हती. तो तो फोटो घेऊन बसायचा आणि आम्ही म्हणायचो, किती आनंदी असतो हा आपला आपला.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या दिव्यांग हक्क कराराचं तिसावं कलम मी फार उशिरा वाचलं. करमणूक, खेळ, फावला वेळ, सांस्कृतिक जीवन, या सगळ्यात इतरांच्या बरोबरीने भाग घ्यायचा हक्क त्यात लिहिला आहे. तोवर मी मैत्रीकडे उपचार आणि शिक्षण झाल्यावर उरलेल्या वेळातली हौस म्हणून बघत होते.

आता तो दर शनिवारी एका गटात जातो. एक हॉल, दोन टेबल टेनिसची टेबलं, दोन तास. तिथे त्याला एक मित्र मिळाला. दोघांचंही बोलणं तुटक आहे, त्यामुळे फोनवर काय बोलणार असं मला वाटायचं. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मी मागून पाहिलं. मित्राने बूट कॅमेऱ्यासमोर धरला होता. माझ्या भावाने उठून स्वतःचा बूट आणला, तळ उलटा करून दाखवला. मग लेस. मग दुसरा बूट. अकरा मिनिटं चाललं होतं, आणि दोघं इतके खूश होते की मी दार हळूच ओढून घेतलं.

तुमच्याकडे कसं जमलं? कुठे बिनसलं? दिव्यांग मित्रमंडळींनी स्वतः लिहिलं तर फारच बरं. सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

बोच्चा खेळणारी

मला सेरेब्रल पाल्सी आहे. हातापायांवर ताबा नाही, बोलणं ओळखीच्यांनाच कळतं. हे मी पट्टीने डोक्याला बांधलेल्या काडीने टाइप करते आहे, वेळ लागतो, पण लिहायचंच आहे.

बोच्चा हा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. एक पांढरा चेंडू टाकायचा, मग लाल आणि निळे सहा-सहा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. माझ्यासारख्यांना चेंडू फेकता येत नाही, म्हणून आम्ही घसरगुंडीसारख्या उतारावरून सोडतो. उतार हलवायला मदतनीस असतो. पण नियम असा की मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसणार. चेंडू कुठे गेला हे त्याने वळून बघायचं नाही.

हा नियम पहिल्यांदा समजावला तेव्हा मी रडले. जन्मापासून माझी मदत करणाऱ्या प्रत्येकाने माझ्या आधी पाहिलं आणि माझ्या आधी ठरवलं होतं. इथे माझी मदतनीस माझ्याकडे तोंड करून बसली आणि वाट बघत राहिली. मी डोळ्यांनी डावीकडे सांगितलं, तिने उतार डावीकडे नेला. अजून थोडा. थांब. मी काडीने चेंडू ढकलला आणि तो चुकला. माझ्या स्वतःच्या हिशेबाने चुकला.

ती मदतनीस आज माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. खेळ नसतानाही ती तसंच करते. दुकानात गेलो की माझ्याकडे बघते, दुकानदाराकडे नाही.

व्हीलचेअर बास्केटबॉल

ताई, तुम्ही नेमका विषय काढलात.

अपघातात मणक्याला मार बसला तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. आधीचे मित्र सुरुवातीला रोज येत, मग रविवारी, मग वाढदिवसाला. त्यांना दोष देत नाही. माझ्यासमोर काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं आणि मलाही त्यांना सोडवता येत नव्हतं.

व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला शारीरिक क्षमतेनुसार १ ते ४.५ गुण दिलेले असतात. ज्याची हालचाल सगळ्यात मर्यादित, त्याला १. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे पाच तगडे घेऊन संघ उभाच राहत नाही, कमी गुणांचे खेळाडू लागतातच. मी १ गुणाचा. एका संध्याकाळी मी आलो नाही तर कॅप्टनचा फोन आला, "अरे, तू नाहीस तर बेरीज जमत नाहीये, निघ लवकर." कुणाचं तरी माझ्यावाचून अडलं होतं. अपघातानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो.

डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात मणक्याची इजा झालेल्या १६ माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली, तिथून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. पदकांबद्दल सगळे बोलतात. मला मात्र ते सोळा जण त्या संध्याकाळी वॉर्डात परतल्यावर एकमेकांशी काय बोलले असतील, याचंच कुतूहल वाटतं.

एक बाबा

आम्ही मुलीला पोहायला घेऊन गेलो होतो. ती एकोणतीस वर्षांची, बौद्धिक अक्षमता आहे, पोहते उत्तम. तिसऱ्या दिवशी सांगण्यात आलं की इतर सभासदांना अवघड वाटतं, तुम्ही दुपारी कुणी नसतं तेव्हा या. दुपारी पाणी होतं, माणसं नव्हती. ती दोनदा गेली, मग म्हणाली, "कोणी नाही." आणि पोशाख कपाटात ठेवून दिला.

एवढंच. अजून बोलवत नाही.

अंध बुद्धिबळपटू

आमचा पट हाताने वाचायचा असतो. काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, प्रत्येक सोंगटीखाली खुंटी. काळ्या सोंगट्यांना वेगळी खूण. डोळस माणसाशी खेळताना दोन पट असतात, त्याचा त्याच्यापुढे, माझा माझ्यापुढे, आणि प्रत्येक चाल मोठ्याने सांगायची. समोरचा ती पुन्हा म्हणतो, मग आपल्या पटावर खेळतो. ऐकताना गोंधळ होऊ नये म्हणून पटाच्या आठ उभ्या ओळींना नावं दिलेली आहेत: आना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर.

एक डोळस गृहस्थ दर बुधवारी माझ्याशी खेळायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी घोडा उचलला आणि काही न बोलता ठेवला. मी म्हटलं, सांगा. ते ओशाळले. महिनाभरात त्यांना सवय लागली. चालच नाही, बाकीचंही सांगायला लागले. खिडकी उघडतोय. दारात कोण आलंय. मी हसतोय बरं का, तुम्हाला ऐकू आलं नसेल.

आता फोनवर ते हॅलो म्हणत नाहीत. म्हणतात, "एव्हा चार." मी म्हणतो, "एव्हा चार, माझं एव्हा पाच." मग बोलणं सुरू.

कर्णबधिर, छायाचित्रणाच्या गटातली

माझा अनुभव थोडा कडवट आहे, रागावू नका.

मी ऐकू येणाऱ्यांच्या छायाचित्रण गटात होते. गटाने माझ्यासाठी सांकेतिक भाषेची दुभाषी आणली, मी खरंच आभारी होते. दोन तास सगळं समजायचं. मग कार्यक्रम संपायचा, दुभाषी निघायची, आणि बाकीचे दारातच गप्पा मारत उभे राहायचे. खरी ओळख त्या अर्ध्या तासात होते. मी एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांवर बघत राहायचे. सगळे हसले की विचारायचे, काय झालं? उत्तर ठरलेलं: "काही नाही, नंतर सांगते." ते नंतर कधी येत नाही. जन्मभर ऐकलेल्या वाक्यांत हे मला सगळ्यात जास्त लागतं.

त्यातल्या एकीने सांकेतिक भाषा शिकायला घेतली. पहिले सहा महिने तिच्या खुणा इतक्या चुकायच्या की मला कपाळावर हात मारावासा वाटायचा, पण ती चुकतमाकत बोलत राहिली. एकदा रात्री रस्त्यावरून चालताना ती मध्येच थांबली, मला दंडाला धरून दिव्याच्या खांबाखाली नेलं आणि मग बोलायला लागली. अंधारात माझ्याशी बोलता येत नाही, हे तिचं तिने ओळखलं होतं.

स्वयंसेवक होतो, आता मित्र आहे

कर्णबधिर ताईंचा अनुभव वाचून माझी चूक लिहायचं धाडस होतंय.

मी विद्यार्थी असताना बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या गटात जायचो. पहिल्या दिवशी एका बेचाळीस वर्षांच्या माणसाला मी "अरे बाळा" म्हणालो, आणि त्याला काय आवडतं ते त्याच्या आईला विचारलं. तो शेजारीच उभा होता. आम्ही त्यांना चित्रं रंगवायला द्यायचो, लहान मुलांच्या वह्यांतली, ससा आणि फुगे. तो गृहस्थ शांतपणे रंगवायचा. दोन महिन्यांनी कळलं की तो कार्यशाळेत आठ तास काम करतो, पगार घेतो, आणि त्याला फुटबॉलचं वेड आहे.

मग आम्ही फुटबॉल सुरू केला. १९६८ मध्ये सुरू झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आता 'युनिफाइड' संघ असतात, बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले एकाच संघात खेळतात. आम्ही तसंच केलं. मी बचावाला, तो पुढे. पास चुकला की तो माझ्यावर ओरडायचा. तेव्हा कुठे आमचं नातं सरळ झालं.

आणि आता चूक. परीक्षा आली, मी जाणं बंद केलं. निरोप दिला नाही. मला वाटलं, दुसरे स्वयंसेवक आहेतच. चार महिन्यांनी त्याची आई भेटली. म्हणाली, "तो अजून दारात थांबतो तुझी वाट बघत, खेळ सुरू झाला तरी." मी त्याच आठवड्यात गेलो. त्याने विचारलं, "आजारी होतास?" मला खोटं बोलता आलं नाही. त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि चेंडू माझ्याकडे सरकवला.

स्वयंसेवक नेमणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, किती महिने येणार ते पहिल्याच दिवशी समोरच्याला सांगायला लावा. ज्याला सांगायचं त्यालाच, पालकांना नव्हे.

स्वमग्न, वय ३८

लोकांना वाटतं मला मित्र नको असतात. मला गोंगाट नको असतो.

आमच्या बोर्ड गेमच्या गटात संपायची वेळ लिहून लावलेली असते आणि ती पाळली जाते. कानावर हेडफोन लावलेले चालतात. निरोप न घेता निघून गेलेलं चालतं. डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही, कारण सगळे पटाकडेच बघत असतात. पाच वर्षं झाली. ते चौघं माझे मित्र आहेत.

सत्तरीतली आई

सगळ्यांचं वाचलं. माझ्या लेकीचं लग्न नाही झालं, पण गटातल्या एका मुलाशी तिची फार जवळीक आहे. हात धरून बसतात. सुरुवातीला मी तिला गटात पाठवणंच बंद केलं होतं. लोक काय म्हणतील यापेक्षाही, तिला कुणी फसवलं तर, ही भीती. ती जेवायची नाही. शेवटी गटाच्या ताईंनी दोघांनाही बसवून समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं: शरीर, परवानगी, नाही म्हणणं. हे मीच तिला वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

आता अडचण गाडीची आहे. माझ्याने संध्याकाळी नेणं-आणणं होत नाही. त्या मुलाचे वडीलही थकले. दोघं एकाच गावात राहून महिन्यातून एकदा भेटतात. कुणी यावर काही केलं असेल तर कळवा.

धागाकर्ती पुन्हा

आई, आमच्याकडे तीन घरांनी वार वाटून घेतलेत. ज्याची पाळी त्याने तिघांनाही आणायचं-सोडायचं. प्रत्येक घराच्या वाट्याला तीन आठवड्यांतून एकच फेरी येते, आणि कुणी आजारी पडलं तरी मुलांचा शनिवार बुडत नाही. गाडीत मागे बसून ती जे काय बोलतात ते मला हॉलमधल्या दोन तासांपेक्षा मोलाचं वाटतं. तुमच्या लेकीच्या गटात अजून एक घर तयार होतंय का, विचारून बघा.

एक लिहायचं राहिलं होतं, लिहू की नको असं चाललं होतं.

मागच्या वर्षी भावाचा तो बूट दाखवणारा मित्र सलग दोन शनिवार आला नाही. फोनही लागेना. भाऊ टेबलाशी दोन बॅट घेऊन उभा राहायचा, दुसऱ्या कुणाशी खेळायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात मला कळलं की मित्राच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांच्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्यांना निरोप गेले होते. माझ्या भावाला कळवावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना तरी काय म्हणू, आमच्या घरात असं घडलं असतं तर मलाही सुचलं नसतं.

आम्ही रुग्णालयात गेलो. भेटायला येणाऱ्यांच्या वहीत नाव लिहायचं, पुढे रुग्णाशी नातं. मी भावाचं नाव लिहिलं आणि त्या रकान्यात काय लिहावं म्हणून क्षणभर थांबले, 'ओळखीचे' लिहायला घेतलं. त्याने माझ्या हातातलं पेन धरलं. त्याला लिहिता येत नाही फारसं. "मित्र," म्हणाला. मी खोडलं आणि तसं लिहिलं.

मित्राला अजून दमवायचं नाही, म्हणून सध्या भाऊ खेळतो आणि मित्र खुर्चीवर बसून गुण मोजतो. चुकीचे मोजतो, नेहमी माझ्या भावाच्या बाजूने. समोर खेळणाऱ्या मुलाने कालच तक्रार केली.